जाताना हसू देऊन जा

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीखाली चॅनेलची गाडी आली तेव्हा नुकतंच नळाला पाणी आलं होतं. त्यामुळे निरोप द्यायला फार कुणी खाली उतरलं नाही. गॅलरीतून दोन-चार बायकांनी हात हलवले. एकीने वरूनच विचारलं, "परत कधी रे सुन्या?" मी उत्तर देईपर्यंत ती बादली बदलायला आत गेली होती.

अण्णा मात्र खाली आले. माझे वडील. जयंतीच्या कार्यक्रमाला घालायचे तो पांढरा शर्ट त्यांनी इस्त्री करून घातला होता. गाडीला वळसा घालून ते ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले आणि वाकून म्हणाले, "पोरगं पहिल्यांदाच बाहेर चाललंय. सांभाळून घ्या त्याला."

ड्रायव्हर उत्तर प्रदेशचा होता. त्याला मराठी समजत होतं, पण उत्तर त्याने हिंदीत दिलं. "एअरपोर्ट तक मेरी जिम्मेदारी, चाचा. आगे उनकी."

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. एका मराठी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर बातम्या लिहीत होतो. मजकूर रुक्ष असे. फावल्या वेळात त्याच बातम्या मी चेहरा न हलवता चाळीतल्या माणसाच्या बोलीत वाचायचो आणि सहकारी त्याचे व्हिडिओ काढायचे. त्यांतला एक नोएडापर्यंत पोहोचला. तिथल्या एका हिंदी वाहिनीवर रात्री अकरा वाजता विनोदी गप्पांचा नवा कार्यक्रम सुरू होणार होता. सूत्रधार ठरलेला होता. त्याच्या शेजारी बसायला एक 'मुंबईवाला' हवा होता.

अण्णांना मी कामाचं स्वरूप समजावून सांगितलं. मुख्य माणूस बोलणार, मी बाजूला बसणार, मध्येच एखादं वाक्य टाकणार आणि हसणार. अण्णा म्हणाले, "म्हणजे कोरस."

हा शब्द ते हलका समजत नव्हते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी शिवडीच्या एका गोदामावर वॉचमनची नोकरी धरली, पण चाळीत त्यांची ओळख होती ती गायनपार्टीमुळे. मुख्य गायक पुढे, ढोलकी-पेटी बाजूला आणि मागे कोरसचे तिघे. त्यांतले अण्णा मधले. मांडीवर थाप मारून ताल धरायचे. ती सवय जेवतानाही जायची नाही. लहानपणी मी विचारलं होतं, तुम्ही पुढे का नाही गात? ते म्हणाले होते, "पुढच्याचा श्वास कुठं तुटतो, ते मागच्याला आधी कळावं लागतं. आधी आवाज दिला तर आगाऊपणा. उशीर झाला तर पुढचा उघडा पडतो." एवढं सांगून त्यांनी पुस्ती जोडली, "अन् कोरसवाला एकटा गायला लागला की लोकांना वाटतं माईक टेस्टिंग चाललंय."

नोएडात मला एक स्टूल मिळालं. सूत्रधाराची खुर्ची उंच, टेबल रुंद. माझं स्टूल मुद्दाम बुटकं केलेलं होतं. मला अर्ध्या बाह्यांचा चौकटीचा शर्ट आणि मांडीवर कापडी पिशवी दिली होती. पात्राचं नाव भाऊ, आडनाव नाही. लेखकांनी भाऊच्या घरी तुळशीवृंदावन दिलं, दारात रांगोळी दिली, सणाला पुरणपोळी दिली. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती होती आणि सणाला मटण. मी एकदा हे सांगितलं. प्रोड्यूसर म्हणाली, "वो भी अच्छा है, पर लोग कन्फ्यूज हो जाएँगे." त्यानंतर सांगितलं नाही.

रात्री अकराचा कार्यक्रम दुपारी तीनला रेकॉर्ड व्हायचा. टेबलामागे रात्रीच्या शहराचं भलं मोठं छायाचित्र लावलेलं असे. त्यातल्या खिडक्यांत दिवे होते. प्रेक्षक म्हणून आसपासच्या कॉलेजांतली मुलं आणून बसवायचे. जेवणाच्या पाकिटानंतर ती सुस्तावायची. विनोद झाला की आधी मी हसायचं, मग मुलं हसायची. म्हणजे हसायचं कुठे, हे त्यांना माझ्याकडून कळायचं. पण दुपारच्या त्या वेळी तेवढ्यानेही भागत नसे. मग रेकॉर्डिंग संपल्यावर, मुलं गेल्यावर, ध्वनिमुद्रण करणारा इरफान मला थांबवायचा. "भाऊ, जाते जाते हँसी दे जाना."

रिकाम्या स्टुडिओत, स्टुलावर बसून, मी हसू द्यायचो. लहान. मधलं. चहाचा घोट घेताना अडकलेलं. मोठं. मोठ्या हसण्याच्या शेवटी माझा हात आपोआप मांडीवर पडायचा. इरफानला ती थाप आवडायची. संकलनात जिथे प्रेक्षक थंड असतील तिथे तो हे तुकडे चिकटवायचा. विनोद समोर नसताना हसणं सुरुवातीला जड गेलं. मग मी एक युक्ती केली. सूत्रधार शेवटचा शब्द बोलण्याआधी नाकाने हलकासा श्वास घ्यायचा. तो श्वास मी मनात ऐकायचो आणि तिथून हसायचो.

सेक्टरमधल्या एका घराच्या गच्चीवर मला खोली मिळाली होती. पहिल्या थंडीत मी सुकट भाजली तेव्हा मालकीण वर आली आणि दारातूनच म्हणाली, "भैया, कोई जानवर मर गया क्या?" त्यानंतर सुकट बंद झाली. बाकीचं हळूहळू झालं. भात कमी झाला, स्वेटर आले. एकदा फोनवर मी सवयीने म्हणालो, "हम ठीक हैं, अण्णा." पलीकडून अण्णा म्हणाले, "किती जण आहात तिकडं?"

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा दाखवत. माझी बहीण सुजाता परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. कामावर निघण्याआधी अण्णांना चहा देऊन ती टीव्ही लावायची. पहिल्या वर्षी शेजारचे येऊन बसायचे. चाळीतली मुलं भाऊची नक्कल करायची, म्हणजे चाळीतल्या माणसाची नक्कल करणाऱ्याची नक्कल. अण्णा चित्राकडे कमी बघायचे. त्यांना काचबिंदू झाला होता आणि नजर कडेकडून जात होती. ते ऐकायचे, आणि फोनवर एवढंच सांगायचे, "काल दोनदा आधी हसलास." ते बरोबर असायचं.

सहा वर्षांनी वाहिनीने कार्यक्रमाचं रूप बदललं. नवा सेट, नवं टेबल. माझ्या जागी दुसरा माणूस आला नाही. स्टूलच काढलं. प्रोड्यूसरने बोलावून सांगितलं की नव्या फ्रेममध्ये एकच माणूस असेल. सूत्रधाराने मिठी मारली. त्याच दुपारी इरफान म्हणाला, "भाऊ, आपकी हँसी तो रहेगी." मला वाटलं, तो समजूत काढतोय. तो वस्तुस्थिती सांगत होता. कॉलेजची मुलं तशीच सुस्त होती आणि माझे तुकडे त्याच्या संगणकात होते. कार्यक्रमात मी दिसेनासा झालो, पण ऐकू येत राहिलो.

सुजाताचा फोन आला. "दादा, तू आहेस की नाहीस? दिसत नाहीस, पण हसतोयस."

मी तिला खरं ते सांगितलं. तिने अण्णांना सांगितलं. अण्णांची नजर तोवर पूर्ण गेली होती. ते म्हणाले, "काढलं? मग हा कोण हसतोय?" विषय तिथे संपला.

मुंबईत परत यायचा प्रयत्न मी केला. ज्या डेस्कवरून मी गेलो तिथे आता आठ जणांचं काम तिघे करत होते. विनोदी कार्यक्रमांसाठी जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर सारखंच होतं, भाऊचा चेहरा लोकांना माहीत आहे, त्यामुळे दुसरं काही देता येत नाही, आणि भाऊ कुणाला नको आहे. शेवटी नोएडातच एका हिंदी वृत्तवाहिनीत पडद्याखालून सरकणारी पट्टी लिहायचं काम मिळालं. ते मी आजही करतो. पट्टीवर नाव नसतं, आवाज नसतो.

त्याच सुमारास चाळ पुनर्विकासात गेली. सुजाता आणि अण्णा अँटॉप हिलच्या बाजूला संक्रमण शिबिरात राहायला गेले. तीन वर्षांत नवं घर, असं बिल्डर म्हणाला होता. भोईवाड्यात अण्णा आंधळे असूनही एकटे फिरायचे. गॅलरीच्या कठड्याला हात लावून दारं मोजत नळावर, संडासाकडे, जिन्यापर्यंत जायचे. शिबिरात गॅलरी नव्हती. पहिल्या आठवड्यात ते दारातून बाहेर पडले, हात पुढे केला आणि कठडा न सापडल्यामुळे तिथेच उभे राहिले. सुजाता कामावरून आली तेव्हा शेजारच्यांनी त्यांना खुर्ची दिली होती. त्यानंतर ते फारसे उठले नाहीत. ही खोली आपली नाही, आपण कुणाकडे तरी पाहुणे आलो आहोत, असा त्यांचा समज झाला. संध्याकाळ झाली की ते म्हणायचे, "चल सुजा, निघूया आता. लोकांना जेवायचं असेल."

मग त्यांच्या आठवणीतून माणसं जाऊ लागली. आधी शेजाऱ्यांची नावं, मग गायनपार्टीतली. एका एप्रिलमध्ये जयंतीला मी घरी गेलो, तेव्हा ते मला "कोण?" म्हणाले.

"सुनील."

"सुनील दिल्लीला असतो," ते म्हणाले. "बसा. चहा घेणार?"

सुजाताने सकाळी आठला टीव्ही लावला. मी त्यांच्या शेजारी पलंगावर बसलो आणि नोकरीबद्दल काही सांगू लागलो. सूत्रधाराने कसलासा विनोद केला, माझं मोठं हसू आलं, शेवटी थाप पडली. अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं. "जरा गप बसा. पोराचा आवाज येतोय."

मी गप बसलो. कार्यक्रम संपेपर्यंत ते मांडीवर हलकी थाप देत होते, माझ्या थापेनंतर एकेक. सुजाता ओट्यापाशी पाठ करून उभी होती. नंतर जिन्यात ती म्हणाली, "मलाही कधीकधी बाई म्हणतात, दादा. पण टीव्हीतल्याला तुझ्या नावाने हाक मारतात. तेवढं तरी आहे."

तेवढं गेल्या वर्षीपर्यंत होतं. मग एका विनोदावरून कुणाच्या तरी भावना दुखावल्या. वाहिनीने माफी मागितली, कार्यक्रम एका दिवसात बंद केला आणि जुने भाग इंटरनेटवरून काढून टाकले. योगायोगाने ती बातमी पट्टीवर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ती नियमाप्रमाणे एका ओळीत बसवली.

चौथ्या दिवशी सुजाताचा फोन आला. आठ वाजले की अण्णा उठून बसत. टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम लागे. ते संपेपर्यंत वाट बघत आणि मग ताट बाजूला सारत. पहिल्या दिवशी विचारलं, "पोराला बरं नाही का?" मग विचारलं, "कामावरून काढलं का?" आणि चौथ्या दिवशी, अगदी सौम्यपणे, "बाई, तो गेला असेल तर सांगा. तुमच्या घरात मी रडणार नाही. पाहुणा आहे मी."

मी निघालो. शिबिरात पोहोचलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला सुचलेला पहिला उपाय साधा होता. आवाज माझाच आहे, तर आपण हसावं. मी पलंगाशी उभा राहून मोठं हसू हसलो, शेवटी थापही मारली. अण्णा वळले. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं होतं.

"बरी करता नक्कल," ते म्हणाले. "पण तो असा नाही हसत. तुम्ही हसायचं म्हणून हसताय."

सुजाताला हसू आलं आणि ते आवरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इरफानला फोन केला. तो आता लग्नाच्या व्हिडिओंचं संकलन करतो. माझं ऐकून घेतल्यावर त्याने काही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याने हसण्याचे सगळे तुकडे पाठवले. प्रत्येकाला नाव दिलेलं होतं. छोटी, मीडियम, चायवाली, बडी. खाली लिहिलं होतं, "भाऊ, बडी में थाप रखी है."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुजाताने टीव्ही न लावता फोनवरून मोठं हसू वाजवलं. अण्णा ताडकन उठून बसले. "आला!" आम्हा दोघांनाही बरं वाटलं. तिने पुन्हा वाजवलं, मग मधलं, मग चहाचं. अण्णांचा चेहरा बदलत गेला. तिसऱ्या हसण्याला त्यांनी चाचपडत तिचा हात पकडला.

"बाई, हा एकटाच का हसतोय? पुढचं कुणी काही बोललं नाही. कुणी बोलल्याशिवाय माणूस हसत असेल तर... डोक्यावर परिणाम झालाय का त्याच्या? परक्या मुलखात, एकटा." त्यांनी तिचा हात सोडून कान झाकले. "बंद करा. नको ते ऐकायला."

अण्णांना अशा अवस्थेत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. गिरणी बंद झाली तेव्हाही नाही, आई गेली तेव्हाही नाही. त्या दिवशी ते पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

दुपारी सुजाता ओट्यापाशी भाजी चिरत म्हणाली, "म्हणजे कुणीतरी बोललं पाहिजे आधी." मग सुरी थांबवून माझ्याकडे बघितलं. "तू बोल ना. तेवढी वर्षं बाजूला बसलास त्याच्या."

मी सूत्रधाराचं काम कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, दाराजवळ उभा राहिलो, म्हणजे आवाज टीव्हीच्या बाजूने येईल. सुजाता स्टुलावर फोन घेऊन बसली. मी घसा साफ केला आणि बोललो. हिंदीत बोलणार होतो, पण तोंडातून मराठी आलं.

"नमस्कार. आम्ही नुकतेच संक्रमण शिबिरात राहायला आलो. बिल्डर म्हणाला, तीन वर्षांचा प्रश्न आहे. मी शेजारच्याला विचारलं, तुम्ही कधी आलात इथे? तो म्हणाला, मी इथेच जन्मलो."

सुजाताची नजर माझ्यावर होती, बटणावर नव्हती. क्षणभर काहीच झालं नाही. मग हसू आलं, मोठं, थापेसकट. अण्णा भिंतीकडून वळले. मी दुसरा विनोद केला, लिफ्टचा. मग पाण्याचा. त्यातला एकही फारसा चांगला नव्हता. प्रत्येक वेळी माझं हसू खोलीच्या दुसऱ्या बाजूने येत होतं, आठ-दहा वर्षांपूर्वीचं, रिकाम्या स्टुडिओतलं. ते माझ्या विनोदांसाठी हसलेलं नव्हतं, पण ऐकताना तसं वाटत होतं. हळूहळू अण्णांची बोटं मांडीवर हलू लागली. त्यांनी चहा मागितला.

मी चार दिवस राहिलो. रजा तेवढीच होती. आता नोएडाहून रोज सकाळी आठला फोन करतो. सुजाता एक फोन स्पीकरवर ठेवते आणि दुसऱ्यावरून हसू देते. पट्टीच्या कामामुळे विनोदाला विषय कमी पडत नाहीत. ती कामाला निघायच्या आत आटपावं लागतं. अण्णांची प्रकृती सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. नवीन इमारतीचा पाया अजून भरलेला नाही. आपण कुठे आहोत हे ते आता विचारत नाहीत.

इथे ऑफिसात कुणी विचारलं, घर कहाँ है, तर मी भोईवाडा सांगतो. तिथे सध्या पत्र्याचं कुंपण आणि खड्डा आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्यापैकी अनेकांचं असंच आहे, हे मला माहीत आहे. पत्ता सांगायला जीभ अडखळत नाही, पण त्या पत्त्यावर दार नाही. आठवणीत राहण्याचं म्हणाल, तर एका माणसाच्या आठवणीत मी अजून राहतो. पण तो मी नाही. तो सहा वर्षं स्टुलावर बसलेला आहे, दिल्लीत आहे, कामावर आहे. मी त्याचा साहेब आहे.

दाराजवळून बोललो त्या पहिल्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर अण्णांनी मला हाक मारली होती. मी पलंगाजवळ गेलो. ते आवाजाच्या दिशेने मान वळवून, आदराने बोलले.

"साहेब, तुम्ही बरं बोलता. पण एक सांगू का, राग मानू नका. पोरगं जरा उशिरा हसतंय. आधी असं नव्हतं त्याचं. बहुतेक दमलाय." त्यांनी माझा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरला. "पहिल्यांदाच बाहेर पडलाय. सांभाळून घ्या त्याला."

मी हो म्हणालो. फोनवर ते रोज शेवटी हेच सांगतात आणि मी रोज हो म्हणतो. त्या ड्रायव्हरने निदान आपली हद्द सांगितली होती.